कणकेचा गोळा

पावसाळ्याच्या दिवसांत ज्या घरांत तीन मुलें एकत्र सांपडतात, त्या घरांतील वडील माणसांस एक वाक्य दिवसांतून निदान दहा वेळां ऐकावें लागतें, तें म्हणजे, “आम्ही आतां काय करूं?” बाहेर पाऊस कोसळत असतो, अंगणांत चिखल झालेला असतो, आणि कपाटांतील खेळणीं, त्यांच्या किमतीच्या मानानें पाहतां, आश्चर्य वाटावें इतक्या लवकर शिळीं झालेलीं असतात. गेल्या श्रावणांत आमच्या घरीं असाच प्रसंग आला. आमची सात वर्षांची नात व शेजारचीं दोन मुलें यांनीं तेंच वाक्य अकराव्या वेळीं उच्चारलें, तेव्हां आम्हीं स्वयंपाकघरांत जाऊन पिठाचा डबा खालीं काढला.

त्या दिवशीं जें घडलें तें, व त्यामुळें जें जुनें आठवलें तें, या वार्षिकाच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सांगावें असें मनांत आल्यावरून हा लेख लिहीत आहों. विषय क्षुल्लक आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु मुलांच्या हातांत काय द्यावें, आणि तें दिल्यावर आपले स्वतःचे हात कोठें ठेवावे, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर शिकण्यास आम्हांस जवळ जवळ सगळें आयुष्य लागलें.

आमचें बालपण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील एका कोरडवाहू खेड्यांत गेलें. तेथें रोजचें अन्न म्हणजे बाजरीची भाकरी. गहूं हा सणावाराचा व पाहुण्यांचा. बाजरीचें पीठ खेळावयास निरुपयोगी. त्याचा गोळा वळावा तों कडेनें भेगा पडतात, आणि बैलाचें शिंग करूं जावें तों तें गळून हातांत येतें. गव्हाच्या कणकेची गोष्ट निराळी. ती ओढली तर लांबते, दाबली तर दबते, चिमटली तर चिमटीचा आकार धरून राहते. याचें कारण आम्हांस पुढें शाळेंत कळलें. गव्हांत जीं विशेष प्रथिनें असतात तीं, पाणी घालून पीठ मळलें म्हणजे, एकमेकांत गुंततात व त्यांची चिवट जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. बाजरींत व ज्वारींत अशी जाळी होत नाहीं. लहानपणीं मात्र आम्हांस एवढेंच ठाऊक होतें कीं, ज्या दिवशीं घरांत पोळ्या, त्या दिवशीं आपल्या हातांत सुपारीएवढा गोळा.

आई आम्हांस परातीशेजारीं बसवून घेई. गोळा देतांना “याचें काय करणार?” असें ती विचारीत नसे, आणि करून झाल्यावर “हें काय केलेंस?” असेंही विचारीत नसे. ती एवढेंच म्हणे, “हं, आतां हा काय म्हणतो?” मग आमची चिमणी बोलूं लागे, बैल हंबरूं लागे, आणि ज्यास डोकें कोणतें व शेपूट कोणतें हें कोणीही सांगूं शकलें नसतें असा एखादा प्राणी आपली हकीकत सांगूं लागे. पोळ्या संपत आल्या कीं आई तव्याची एक बाजू मोकळी करून ती चिमणी भाजून देई. चोंच करपत असे व पोट जेमतेम भाजत असे. परंतु स्वतः केलेली चिमणी स्वतः खाण्यांत जी गोडी होती, ती पुरणपोळींतही नव्हती.

१९७२ सालीं पाऊस पडला नाहीं. महाराष्ट्रांतील त्या दुष्काळाची हकीकत वडील वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. विहिरी आटल्या, जनावरें मिळेल त्या किमतीस विकलीं गेलीं, आणि लक्षावधि माणसें रस्त्यांच्या व पाझरतलावांच्या कामांवर खडी फोडावयास व माती वाहावयास गेलीं. आमची आई त्यांत होती. रेशनच्या दुकानांत तांबडी परदेशी मिलो मिळे. तिची भाकरी आम्ही खात होतों. आम्ही त्या वेळीं आठ वर्षांचे होतों.

एके दिवशीं किलोभर गहूं घरांत आले. आई कणीक मळूं लागली तेव्हां आम्हीं संवयीप्रमाणें परातीशेजारीं जाऊन हात पुढें केला. आईनें हाताकडे पाहिलें, परातीकडे पाहिलें, आणि घरांतील सहा तोंडें मनांत मोजलीं असावीं. “या सालीं कणीक मागूं नकोस, बाळा,” ती म्हणाली, “माती माग. ती उदंड आहे.” असें म्हणून तिनें आमच्या तळहातावर गोळ्याच्या जागीं आपलें बोट टेकलें. पिठाचा एक पांढरा ठिपका तेथें उमटला. तो पुसूं नये म्हणून आम्ही मूठ न मिटतां पुष्कळ वेळ फिरत होतों.

दुसऱ्या दिवशीं कामावरून परततांना तिनें पदरांत मातीचें एक ढेकूळ बांधून आणलें. तलावाच्या खोदाईंत खालच्या थरास लागलेली ती चिकण माती होती. भांडीं विसळलेलें पाणी राखून ठेवलें होतें, त्यांत तिनें ती भिजविली, खडे वेंचून काढले, आणि तळहाताच्या बुडानें दाबून दाबून, अगदीं कणीक मळावी तशी मळून आमच्यापुढें ठेवली. दिवसभर माती वाहून आलेली बाई रात्रीं दिव्यापाशीं पुन्हां माती मळीत बसली, याचा अर्थ आम्हांस त्या वेळीं कळला नाहीं. आम्हीं तिचे दोन बैल केले. गोठ्यांतील खरे बैल त्याच्या आधींच विकले गेले होते.

पुढें १९७३ सालीं पाऊस झाला, आणि १९७४ च्या आरंभीं नवे गहूं घरांत आले. पहिल्या पोळ्यांच्या दिवशीं आईनें, कोणी न मागतां, एक गोळा तोडून आमच्या हातावर ठेवला. तो सुपारीएवढा नव्हता. चांगला लिंबाएवढा होता. आम्ही दहा वर्षांचे झालों होतों, व असल्या खेळाची आम्हांस लाज वाटूं लागली होती. तरी आम्हीं चिमणी केली.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें कीं, “अन्नाशीं खेळूं नये” असें जे वडीलधारी म्हणतात त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. धान्याचें मोल आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आमच्या घरीं खेळासाठीं ताज्या दळणास हात लावीत नाहींत. डब्याच्या तळाशीं फार दिवस राहिलेलें, जाळी धरलेलें, पोळीस न चालणारें असें पीठ चाळून बाजूस ठेवलेलें असतें. तेंच या कामीं येतें. शिवाय एकदां केलेला गोळा मोडून पुन्हां गोळा होतो. मूठभर पिठावर मुलें पंधरा दिवस खेळतात.

आतां कृति सांगतों. मैदा किंवा बारीक कणीक दोन वाट्या, बारीक मीठ एक वाटी, आणि कोमट पाणी पाऊण ते एक वाटी. पाणी थोडें थोडें घालून पीठ घट्ट मळावें, शेवटीं तेलाचें बोट लावावें, व ओल्या फडक्याखालीं अर्धा तास झांकून ठेवावें. ही कच्ची कणीक होय. हिच्या वस्तु उन्हांत वाळवून ठेवितां येतात. मात्र त्या अर्ध्या इंचाहून जाड नसाव्या, नाहीं तर वरून वाळतात, आंत ओल्या राहतात व तडकतात. दुसरी रीत शिजविलेल्या कणकेची. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल व दोन चमचे लिंबाचा रस हें सर्व गुठळ्या न राहतील असें कालवून, जाड बुडाच्या पातेल्यांत मंद आंचेवर ढवळीत राहावें. थोड्याच वेळांत मिश्रण पातेल्याची कड सोडून, मोदकाच्या उकडीप्रमाणें, एके ठिकाणीं गोळा होऊं लागतें. हें काम वडील माणसानें करावें. निवल्यावर तें मळून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवलें असतां कित्येक आठवडे मऊ राहतें. शिजल्यामुळें पिठांतील पिष्ट पाणी धरून फुगतें, मिठामुळें बुरशी लवकर येत नाहीं, व तेलामुळें हात चिकट होत नाहींत. असा प्रत्येक पदार्थाचा उपयोग आहे.

येथें दोन सूचना देणें जरूर आहे. या कणकेंत मीठ फार असतें, आणि कच्चें पीठही पोटास बाधतें. म्हणून ती खाऊं नये, व सर्व कांहीं तोंडांत घालणाऱ्या तान्ह्या मुलांच्या हातीं देऊं नये. घरांत कुत्रें असेल तर त्याच्यापासून तर फारच जपावें. इतकें मीठ त्याच्या जिवावर बेतूं शकतें.

रंगासाठीं दुकानांत जाण्याचें कारण नाहीं. हळदीनें पिवळा, बिटाच्या रसानें गुलाबी, पालकाच्या रसानें हिरवा व कॉफीनें तपकिरी रंग येतो. आमच्या मुलांस एक गंमत फार आवडली. लिंबू न घातलेल्या पिवळ्या गोळ्यांत खाण्याच्या सोड्याची चिमूट घालून मळलें कीं तो पाहतां पाहतां तांबूस होतो; त्यावर लिंबाचे थेंब पिळले कीं फेस येऊन तो पुन्हां पिवळा होऊं लागतो. हळद व चुना यांपासून कुंकू कसें होतें, हें शेजारच्या मुलास त्या दिवशीं न सांगतां समजलें.

बाजारांत रंगीत कणकेच्या ज्या डब्या मिळतात त्यांचें मूळही स्वयंपाकघरांतील या पदार्थांहून फार दूर नाहीं. इंग्लंडांतील बाथ शहरीं विल्यम हार्बट नांवाचे एक कलाशिक्षक होते. त्यांनीं १८९७ सालीं न वाळणारी माती तयार केली, तीच प्लॅस्टिसीन. अमेरिकेंतील प्ले-डोची कथा याहून मौजेची आहे. सिनसिनाटी शहरांतील एक कंपनी भिंतींवरील कागद पुसण्यासाठीं पिठाचा मऊ लगदा तयार करीत असे; कारण कोळशाच्या शेगड्यांमुळें त्या कागदांवर काजळी बसे. पुढें कोळसा मागें पडला, धुतां येणारे कागद निघाले, आणि लगद्यास गिऱ्हाईक उरेना. त्या वेळीं मालकांच्या नात्यांतील के झुफॉल या बालशाळेच्या शिक्षिकेनें तो लगदा मुलांच्या हातीं देऊन पाहिला. मुलांनीं त्याचे नाताळचे अलंकार केले. १९५६ सालीं तोच माल खेळणें म्हणून दुकानांत आला. मोठ्या माणसांनीं टाकाऊ ठरविलेल्या वस्तूचा उपयोग मुलांच्या बोटांस आधीं सांपडला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां या गोळ्याशीं खेळावें कसें? आमचा पहिला नियम असा कीं, पहिला अर्धा तास कांहींच सुचवूं नये. मुलें आधीं नुसती कणीक दाबतात, भोंसकतात, वास घेतात. तीं वेळ फुकट घालवीत आहेत असें आपणांस वाटतें, पण तीं तिची ओळख करून घेत असतात. मग आपोआप तीन आकार जन्मास येतात: गोळी, वळी आणि चकती. सर्व सृष्टि या तिहींतून निघते. गोळीस चिमटा घेतला कीं चिमणी, वळी गुंडाळली कीं गोगलगाय, चकती दुमडली कीं करंजी.

त्यानंतर कोणी विचारलें तर खेळ सांगावे. ठशांचा खेळ सोपा आहे. कणकेची चकती थापून तीवर पिंपळाचें पान उलट्या बाजूनें दाबावें म्हणजे शिरांचें सगळें जाळें उमटतें. किल्ली, बटण, फणी, नाणें, शिंपला, बाजरीचें कणीस, असे ठसे एकानें गुपचुप घ्यावे व दुसऱ्यानें डोळे मिटून, नुसत्या बोटांनीं चांचपून ओळखावे. आमच्या नातीनें सहांपैकीं पांच ओळखले, आम्हीं तीन.

दुसरा खेळ नावेचा. कणकेची गोळी पाण्यांत टाकली तर बुडते. तीच गोळी पातळ थापून, कडा उचलून, वाटीसारखी केली तर तरते. वजन तेंच, पीठ तेंच. मग फरक कशाचा? लोखंडाचें जहाज कां तरतें याचें उत्तर त्या वाटींत आहे. अर्थात् ही नाव पाण्यांत विरघळते, तेव्हां सफर लहानशीच करावी.

तिसरा खेळ भूगोलाचा. हा तुम्हां हायस्कुलांतील मुलांसाठीं. पाटावर कणकेचा सह्याद्रि उभा करावा. पश्चिमेकडे सरळ तुटलेला कडा, त्याखालीं कोंकणची अरुंद पट्टी, आणि पूर्वेकडे सावकाश उतरत जाणारें पठार. मग त्र्यंबकेश्वराच्या जागीं चमच्यानें थेंब थेंब पाणी सोडावें. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असतां गोदावरी त्याकडे पाठ फिरवून, १४६५ किलोमीटर चालून, बंगालच्या उपसागरास कां मिळते, हें पुस्तकाच्या चार पानांपेक्षां त्या ओघळांत अधिक लवकर दिसतें.

चौथा खेळ गोष्टीचा. सर्वांनीं गोल बसावें. एकानें गोळा हातांत घेऊन कांहीं तरी करावें व गोष्ट सुरू करावी: “एक होतें कासव.” शेजाऱ्यानें तेंच कासव घेऊन, न मोडतां, त्यांत एक बदल करावा व गोष्ट पुढें न्यावी. आमच्या घरीं त्या दिवशीं कासवास पंख फुटले, पंखांचा तंबू झाला, तंबूंत म्हातारी राहावयास आली, आणि शेवटीं म्हातारीची एस. टी. चुकली. कोणासही आधीं ठाऊक नव्हतें कीं गोष्ट तेथें जाणार आहे.

एक खेळ मात्र मुलांसाठीं नसून मोठ्यांच्या शिक्षणासाठीं आहे. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे (१८९६–१९८०) यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांपुढें मातीचे दोन सारखे गोळे ठेवून, मुलांनीं ते सारखे आहेत असें कबूल केल्यावर, एक गोळा लांब वळून दाखविला व विचारलें, “आतां माती कोठें जास्त?” लहान मुलें लांब वळीकडे बोट दाखवितात, साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांस उमगतें कीं, आकार बदलला तरी माती तेवढीच. आम्हीं शेजारच्या पांच वर्षांच्या मुलीस विचारलें. ती म्हणाली, “ही लांब, म्हणून हिच्यांत जास्त.” आमच्या नातीनें तिला चूक म्हटलें नाहीं. ती वळी तिच्याच हातीं देऊन म्हणाली, “परत गोळा कर बरें.” मुलीनें केला, दोन्ही गोळ्यांकडे आळीपाळीनें पाहिलें, मग ती पुन्हां वळी करूं लागली. हें तिनें सात-आठ वेळां केलें असेल. आम्हीं शिकविण्यासारखें तेथें कांहींच उरलें नव्हतें.

मुलग्यांनीं हा मुलींचा खेळ समजूं नये, व मुलींनीं तो लहानांचा समजूं नये. आपल्याकडे कणकेची कला बायकांनीं किती उंच नेली आहे, हें लग्नघरांत वळवट पाहिलेल्यांस ठाऊक आहे. भिजविलेल्या रव्याचे गव्हाएवढे गव्हले, नखानें वळलेल्या नखुल्या, मालत्या, बोटवे, यांची एकेक परडी भरावयास चार-चार दुपारी लागत. मोदकाच्या कळ्या व करंजीची मुरड हीही शिल्पेंच होत. त्या बायकांस कोणी शिल्पकार म्हटलें नाहीं, व त्यांचें शिल्प दुसऱ्या दिवशीं खिरींत शिजत असे, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल कीं, हें सर्व ठीक आहे. परंतु दुकानांतलें चमकदार खेळणें पाहिलेल्या मुलास कणकेनें समाधान होणार नाहीं. हें खरें आहे, व तें नवें नाहीं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांत चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेला असतो. घरची दासी त्यास मातीची गाडी करून देते, तर ती त्यास नको असते. तो सोन्याच्याच गाडीसाठीं रडतो. शेवटीं वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरते. आम्हांस मात्र नेहमीं वाटत आलें आहे कीं, दासीनें गाडी करून देण्याऐवजीं रोहसेनाच्याच हातीं माती दिली असती तर काय झालें असतें? कदाचित् तो तरीही रडला असता. परंतु दुसऱ्यानें करून दिलेल्या वस्तूची तुलना शेजाऱ्याच्या वस्तूशीं सहज होते. आपण केलेल्या वस्तूची तशी होत नाहीं.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं. आमचा मुलगा पांच वर्षांचा होता तेव्हांची गोष्ट. तीस वर्षें तरी झालीं असतील. त्यास आम्हीं अशीच कणीक करून दिली होती. दुपारभर खटपट करून त्यानें एक हत्ती केला. त्यास पांच पाय होते. आम्ही म्हणालों, “अरे, हत्तीला चार पाय असतात,” आणि मधला पाय काढून टाकला. हात लागलाच होता, म्हणून सोंडही नीट केली, कान सारखे केले. हत्ती खरोखर सुरेख झाला. मुलगा त्याकडे पाहत राहिला व थोड्या वेळानें म्हणाला, “तो पाय नव्हता. तें त्याचें पिल्लू होतें. पाऊस लागूं नये म्हणून पोटाखालीं उभें होतें.”

आम्हीं घाईघाईनें तें पिल्लू पुन्हां करून दिलें. परंतु तें आमचें पिल्लू होतें, त्याचें नव्हतें. तो उठून गेला. त्यानंतर त्यानें कणकेस हात लावला नाहीं. आणि पुढें कित्येक महिने कागदावर चित्र काढी तेंही आमच्याकडे पाठ करून. आमच्या आईपाशीं सुपारीएवढी कणीक होती व विचारावयास एक वाक्य होतें. आमच्यापाशीं किलोभर मैदा, चार रंग व पुष्कळ ज्ञान होतें. आणि तें एक वाक्य मात्र आम्ही विसरलों होतों.

म्हणून आईबापांस आमची विनंति आहे. मुलांस कणीक द्या, माती द्या, जागा द्या, व फरशी खराब झाली तर ती पुसावयास त्यांच्याच हातीं फडकें द्या. परंतु त्यांनीं केलेली वस्तु सुधारूं नका. “हें काय आहे?” असा प्रश्नही शक्य तों टाळा, कारण कित्येकदां तें अजून कांहींच नसतें, व उत्तर द्यावयाचें म्हणून मुलास घाईनें त्याचें कांहीं तरी करावें लागतें. साचे असले तर असूं द्या, पण ते शेवटीं काढा. विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांस घरीं धाकटीं भावंडें आहेत. त्यांच्या हत्तीचे पाय मोजण्याचा मोह तुम्हांसही होईल, तो आवरा.

गेल्या श्रावणांतील त्या दिवसाची अखेर सांगून पुरें करतों. संध्याकाळीं मुलगा कचेरींतून भिजून घरीं आला. नातीनें त्याच्यासाठीं एक गोळा ओल्या फडक्याखालीं राखून ठेवला होता. “बाबा, हा तुमचा,” ती म्हणाली. तो ओल्या कपड्यांनींच जमिनीवर बसला. बराच वेळ त्यानें गोळा नुसता हातांत फिरविला. मग सोंड निघाली, कान निघाले. पायांची पाळी आली तेव्हां आम्ही उठून खिडकीपाशीं गेलों व पाऊस पाहूं लागलों. दिवसभर आमच्या तोंडून ऐकलेलें वाक्य नातीनें मागें उच्चारलें, “हं, आतां हा काय म्हणतो?”

“म्हणतो,” मुलगा म्हणाला, “पाऊस थांबेपर्यंत दोघें येथेंच उभे राहूं.”

मिठाची कणीक पावसाळी हवेंत ओल ओढून घेते. आठ दिवसांत तो हत्ती मऊ पडून खालीं बसला. नातीनें त्याचा पुन्हां गोळा केला व ती दुसरें कांहीं करूं लागली. तें काय होतें, हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.